राखून ठेवलेली कलेजी

घुमेमामांना बोलतं करणं हे कोणाच्या बापाला जमलेलं नव्हतं. मटणाच्या दुकानात उभं राहून त्यांनी उभी हयात काढली, पण गिऱ्हाइकाशी त्यांचं बोलणं "किती?" आणि "झालं" या दोन शब्दांत उरकायचं. कोणी फारच खोदून विचारलं तर ते मान हलवायचे, आणि ती होकाराची की नकाराची हे ज्याचं त्यानं ठरवायचं. खरं नाव त्यांना होतं, दुकानाच्या पाटीवर ते रंगवलेलंही होतं. पण मटण घ्यायला आलेला माणूस पाटी वाचत नाही, त्यामुळे सगळ्या गल्लीला ते घुमेमामा म्हणूनच ठाऊक होते.

आता न बोलणाऱ्या माणसाला मनातलं काही सांगायचंच नसतं असं थोडंच आहे? मामा सगळं सांगायचे, फक्त मटणातून सांगायचे. कोणावर मर्जी असली की त्याच्या पुडक्यात न मागता एखादी नळी पडायची. कोणाच्या घरी आजारपण असलं की सुपासाठी पाय जायचे आणि त्याचे पैसे मागायला मामा विसरायचे. ज्याच्यावर राग असेल त्याला वजन चोख मिळायचं, पण त्यात चरबी आणि पडदे असे काही बेमालूम बसवलेले असायचे की मामांचं मत त्या माणसाला घरी गेल्यावर बायकोच्या तोंडून कळायचं. जुनी गिऱ्हाइकं तर पुडकं सोडताना आधी तेच बघायची, आज मामांचं आपल्याविषयी काय म्हणणं आहे ते.

या सगळ्यात कलेजीचा मान मोठा होता. एका बोकडाला कलेजी एकच. ती सगळ्यांना पुरत नाही, म्हणून ती कोणाला द्यायची हे मामांच्या हातात होतं आणि दुकानातलं सगळं राजकारण तिच्याभोवती फिरायचं. पहिला हक्क निवृत्त ड्रिलमास्तरांचा. तो त्यांना कोणी आणि कधी दिला हे आता कोणालाच सांगता आलं नसतं. पण दर रविवारी सकाळी मास्तर छाती पुढे काढून रांगेच्या डाव्या बाजूनं आत यायचे, आणि त्यांचा वाटा आधीच बांधून ठेवलेला असायचा.

मामांची बायको लेक शाळेत असतानाच गेली. घरात उरली दोन माणसं, आणि लेक बापावर गेलेली. त्या घरात संध्याकाळी शेजाऱ्यांना ऐकू यायची ती फक्त भांडी. पण दोघांचं एकमेकांशिवाय पान हलत नसे, हेही खरं. पुढे लेकीनं लग्न केलं ते रंगाच्या दुकानातल्या विक्रेत्याशी, आणि तो इतका बोलका निघाला की निसर्गानंच हिशेब चुकता केला असं सगळ्यांना वाटलं. भिंतीला कोणता रंग द्यावा हे विचारायला आलेल्या माणसाला जावईबापू त्याच्या संसाराविषयीही चार गोष्टी सांगून पाठवायचे. ती दोघं दोन गल्ल्या सोडून, दुसऱ्या मजल्यावर राहायला गेली.

एक गोष्ट मामांनी कोणालाच सांगितलेली नव्हती, लेकीलाही नाही. लेक जन्मली ती वेळेच्या आधी, मूठभर आणि पिवळीधमक. तिला कित्येक दिवस निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं आणि मामा काचेबाहेर उभे असायचे. तिथली एक परिचारिका जाताजाता म्हणाली, "आईनं पोटभर खाल्लेलं दिसत नाही." असलं वाक्य ती बाई रोज दहा जणांना ऐकवत असेल. मामांनी मात्र ते जन्मभर सांभाळलं. दुकान तेव्हा नवं होतं. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून कलेजी दिवस उजाडताच विकली जायची, आणि बायकोच्या वाट्याला संध्याकाळी उरलेलं, मानेचं नाहीतर बरगडीचं मटण यायचं. मामांनी मनाशी दोन आणि दोन चार करून टाकले. बायकोला कलेजी मिळाली नाही म्हणून पोर अशी झाली. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, पण कोणी खोडूनही काढलं नव्हतं. न बोलणाऱ्या माणसाची हीच पंचाईत असते.

लेकीला आदल्या वर्षी दिवस राहिले होते, पण मूल पोटात टिकलं नाही. मामांना ते जावयाकडून कळलं. त्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं, पण कोणाला काय दिलं याचं त्यांना भान नव्हतं. ज्यांच्याशी त्यांचं उभं वैर होतं त्यांनाही चांगलं मटण गेलं, आणि ते लोक आठवडाभर बुचकळ्यात पडले होते.

म्हणून या खेपेला लेक दुपारी दुकान रिकामं झाल्यावर आली, फळीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, मला परत दिवस गेलेत," तेव्हा मामांनी हातातली सुरी खाली ठेवली. तोंडातून सवयीनं शब्द निघाला तो, "किती?"

"दुसरा महिना लागलाय," लेक म्हणाली.

मामांनी हात धुतले, फ्रीज उघडला आणि आतून ड्रिलमास्तरांसाठी ठेवलेली कलेजी बाहेर काढली. तळहाताएवढा तुकडा कापून तो कागदात बांधला आणि लेकीपुढे सरकवला. लेकीनं तो घेतला. तिला कलेजीचा वासही लहानपणापासून सहन होत नसे, आणि आता तर सकाळपासून तिचं पोट ढवळत होतं. पण बापानं एवढं भरभरून बोलल्यावर त्याला नाही कसं म्हणायचं?

दुसऱ्या दिवसापासून मामांचा नेम सुरू झाला. दुपारी दुकानाची फळी पाडायची, स्टीलचा डबा घ्यायचा, दोन गल्ल्या ओलांडायच्या, जिना चढायचा. दार उघडलं की डबा पुढे करायचा आणि म्हणायचं, "खा." एवढंच. लेक तो तुकडा तव्यावर परतायची, नाक दाबून गिळायची आणि रिकामा डबा घासून परत करायची. रिकामा डबा पाहून मामांना जे समाधान व्हायचं ते त्यांच्या चेहऱ्यावर कोणालाही दिसलं नसतं, पण ते होतं.

तेवढ्यावर त्यांचं भागेना. औषधांच्या दुकानात बाटलीवर माशाचं चित्र असलेल्या गोळ्या त्यांनी पाहिल्या होत्या. माशाच्या लिव्हरचं तेल असतं त्यात, हे त्यांना ऐकून माहीत होतं. म्हणजे तीही कलेजीच, फक्त माशाची, असा मामांचा हिशेब. दुकानदारानं विचारलं, कोणासाठी? मामा म्हणाले, "घरी." दुकानदारानं त्यांच्या वयाकडे पाहिलं, गुडघ्यांसाठी असतील असं धरलं आणि बाटली दिली. ती दुसऱ्या दिवशी डब्याबरोबर लेकीकडे गेली. मामा त्या दिवशी आणखी एक शब्द बोलले असते तर पुढचं बरंच काही टळलं असतं.

इकडे दुकानात असंतोष माजला. कलेजी कोणालाच मिळेना. ड्रिलमास्तर पहिल्या रविवारी डाव्या बाजूनं आले आणि रिकाम्या हातांनी उजव्या बाजूनं गेले. दुसऱ्या रविवारी त्यांनी सगळ्यांच्या देखत कारण विचारलं. मामांनी मान हलवली. मास्तरांनी चार गिऱ्हाइकं जमवून समोरच्या चौकातल्या दुकानात जायचं ठरवलं, गेलेही. पण तिथला माणूस फार बोलतो आणि कमी देतो म्हणून तोंड पाडून परत आले. मामांनी त्यांना पुन्हा रांगेत घेतलं, पण शेवटी.

आता त्या मांजरीविषयी सांगायला हवं. अर्धा कान नसलेली एक करडी मांजरी वर्षानुवर्षं मामांच्या ओंडक्याखाली बसायची. सत्तूर वर गेला की ती मान वर करायची, खाली आला की खाली. मामांचा दिवसभरातला सगळ्यात लांब संवाद या मांजरीशी चालायचा, आणि त्यातही बोलायची ती मांजरीच. लेकीच्या चौथ्या महिन्यात मांजरी यायची बंद झाली. मामांना वाटलं, म्हातारी झाली होती, गेली बिचारी. दोन दिवस त्यांनी तिच्यासाठी काढलेले तुकडे तसेच राहिले.

मग एका दुपारी डबा देऊन ते जिना उतरले. रस्त्यावर आल्यावर आठवलं की आदल्या दिवशीचा रिकामा डबा घ्यायचा राहिला, म्हणून परत चढले. पहिल्या मजल्याच्या वळणावर मांजरी बसली होती. चांगली गुबगुबीत झाली होती. तिच्यापुढे एक ताटली होती आणि ताटलीत कलेजी. स्वतःच्या हातचा काप खाटकाला ओळखू येणार नाही असं होत नाही. कडेची पांढरी शीर मामा नेहमी तिरकी उडवायचे, आणि ती तशीच उडवलेली होती. मांजरीनं त्यांच्याकडे पाहिलं, ओळख दाखवली नाही, आणि खात राहिली.

मामा डबा न घेताच खाली उतरले. त्यांना फार लागलं. लेकीला आता बापाच्या हातचं नको झालं, हे त्यांनी दुकानापर्यंतच्या वाटेतच ठरवून टाकलं. त्याला पुरावाही सापडला. जावई हल्ली त्यांना पाहिलं की गल्ली बदलायचा. एरवी पोस्टाच्या पेटीशीही गप्पा मारील असा माणूस, आणि सासऱ्याला टाळतो? रंगाच्या दुकानात स्वच्छ शर्ट घालून उभ्या राहणाऱ्याला खाटीक सासरा नको वाटत असेल. नसेल वाटत तर नसो. मामांनी त्या संध्याकाळी ओंडका इतका घासला की त्याची एक ढलपी निघाली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा नेला, पण आत फोपसं भरलं. फोपसं म्हणजे बोकडाचं फुप्फुस, ज्याला खाटीक मनातून उतरवतो त्याला द्यायची चीज, वजनाला हलकी आणि चवीला काहीच नाही. लेकीनं डबा उघडला आणि तिला सगळं वाचता आलं. खाटकाच्या घरात वाढलेली पोर होती ती. तासाभरात ती दुकानात आली, पोट सावरत, आणि फळी आतून ओढून घेतली.

"मांजरीला बघितलंत ना?" तिनं विचारलं.

मामा सुरी पुसत राहिले.

"बाबा, डॉक्टरीणबाईंनी बंद करायला सांगितलंय. कलेजी आणि त्या गोळ्या, दोन्ही. पोटुशी बाईनं खायचं नसतं ते. अ जीवनसत्त्व फार असतं त्यात. फार झालं की पोटातल्या बाळाला बाधतं."

मामांचा हात थांबला. त्यांनी सुरी खाली ठेवली आणि विचारलं, "कधी सांगितलं?"

"तिसरा महिना संपताना."

"तोवर?"

"तोवर खात होते. रोज." लेक खाली ओल्या फरशीकडे बघत होती. "मला तुम्हाला सांगायचं नव्हतं. यांनाही शपथ घातली होती. आतापर्यंतच्या सोनोग्राफीत सगळं बरं आहे. पण बाळाच्या लिव्हरचं आता कळत नाही, ते जन्मल्यावरच बघणार. मला वाटलं, तुम्ही तोवर कशाला झुरत बसायचं? मी म्हटलं, डबा घेत राहावा."

मामा ओंडक्याशेजारच्या स्टुलावर बसले. दुकानाच्या वेळेत त्यांना बसलेलं लेकीनं कधी पाहिलं नव्हतं. जावई गल्ली का बदलत होता तेही आता उघड झालं. त्या माणसाला गप्प राहता येत नव्हतं, म्हणून तो बिचारा तोंडच दाखवत नव्हता. मामांना त्याच्याविषयी एकदम माया वाटली. स्वतःविषयी मात्र काय वाटलं ते सांगायची सोय नाही. ज्या भीतीपोटी त्यांनी रोज जिना चढून डबा नेला, ती भीतीच ते डब्यात घालून नेत होते.

दुसऱ्या दिवशी मामा दवाखान्यात गेले. धुतलेला शर्ट घातला होता. बाकावर दहा-बारा पोटुश्या बाया आणि मध्ये मांडीवर पिशवी घेतलेले मामा. पुढच्या टेबलावरच्या मुलीनं विचारलं, पेशंट कोण? मामा म्हणाले, "मी नाही." ते तिनं मान्य केलं.

डॉक्टरीणबाईंपुढे बसल्यावर मामांनी पिशवीतून पुडकं काढलं आणि टेबलावर सोडलं. आत कलेजीचा तळहाताएवढा तुकडा होता. बाईंनी आधी कलेजीकडे आणि मग मामांकडे पाहिलं. त्या माणसाच्या हातांवरून आणि गप्प बसण्यावरून हा कोणाचा बाप ते त्यांनी ओळखलं.

"एका दिवसाची," मामा म्हणाले.

"रोज एवढी?"

मामांनी मान हलवली. ती होकाराची होती हे या खेपेला स्पष्ट दिसलं. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मामांनी जन्मभर दुसऱ्यांना जे दिलं ते त्यांना पहिल्यांदाच मिळत होतं, आणि ते किती जड असतं हे त्यांना तिथे कळलं.

मग बाईंनी समजावून सांगितलं, हळू आणि साध्या शब्दांत. अ जीवनसत्त्व शरीराला लागतं, पण उरलेलं लघवीवाटे निघून जात नाही, लिव्हरमध्ये साठत राहतं. बोकडाचंही तसंच. त्यानं जन्मभर साठवलेलं लेकीला रोज ताटलीभर मिळत होतं, वर गोळ्या. आईकडून ते बाळाकडे जातं. सुरुवातीच्या महिन्यांत फार झालं तर बाळात व्यंग येऊ शकतं, तसं सोनोग्राफीत काही दिसलं नाही, ही मोठी गोष्ट. लिव्हरचं म्हणाल तर उंदरांवर अभ्यास झालेत, त्यात आयांना जास्त दिलं तेव्हा पिल्लांच्या लिव्हरला त्रास झालेला दिसलाय. माणसाच्या बाबतीत इतकं खात्रीनं कोणी सांगू शकत नाही. कदाचित काहीच झालेलं नसेल. जन्मल्यावर रक्त तपासू.

"काढून घेता येतं का?" मामांनी विचारलं.

"काय?"

"साठलेलं."

"नाही," बाई म्हणाल्या. "बंद केलंय ना, आता हळूहळू आपोआप कमी होईल. आपण वाट बघायची."

मामा उठले. पुडकं टेबलावर ठेवून जावं, बाईंना उपयोगी पडेल, असं त्यांना सवयीनं वाटलं. पण बाई तरुण होत्या आणि मामांना आता कोणाचीच खात्री राहिली नव्हती. त्यांनी पुडकं परत पिशवीत घातलं.

त्या रविवारी दुकानात कलेजी पुन्हा विकायला आली आणि घुमेमामांच्या तोंडी एक नवं वाक्य आलं. कलेजी मागणाऱ्या प्रत्येकाला ते विचारू लागले, "घरात कोणी पोटुशी आहे?" जन्मभर दोन शब्दांवर धंदा केलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकून रांगेतल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. एका जाड्या बाईंना हा प्रश्न विचारताना मामांनी नजर जिथे ठेवली होती तिथे ठेवायला नको होती. त्या बाई पुन्हा दुकानात आल्या नाहीत. ड्रिलमास्तरांनाही त्यांनी सोडलं नाही. मास्तरांनी ताठ उभं राहून सांगितलं की त्यांची बायको सत्तरीची आहे. मामांनी सुनेचं विचारलं. सून परगावी असते असं कळल्यावर त्यांनी मास्तरांना कलेजी दिली, पण ती सुनेला पाठवायची नाही असं बजावून. एक नवी नवरी मात्र प्रश्न ऐकून लाजली आणि काहीच बोलेना. तिच्या घरची ही बातमी सासूच्या आधी खाटकाला आणि त्याच्या अख्ख्या रांगेला कळली, त्यावरून त्या घरात बरीच धुसफूस झाली. मामांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी तिला कलेजीऐवजी चांगली मांडी दिली आणि वर एक नळी टाकली.

लेक बाळंत झाली. मुलगी झाली, दिवस भरून, वजनाला चांगली. मामा काचेपाशी गेले तेव्हा ती झोपली होती. हात, पाय, ओठ, कान, सगळं जागच्या जागी होतं. मामांनी ते दोनदा मोजून घेतलं. पण दोनतीन दिवसांत पोर पिवळी दिसायला लागली. काचेपलीकडे तोच निळा दिवा लागला आणि अलीकडे तेच मामा उभे राहिले. जावई शेजारी होता. धीर द्यायचा म्हणून तो म्हणाला की फार गडद नाही, त्यांच्या दुकानात या छटेला फिका चाफा म्हणतात आणि ती हॉलमध्ये बरी दिसते. मामांनी त्याच्याकडे पाहिलं. एवढ्यासाठीच खाटकानं दुकानाबाहेर जाताना सत्तूर बरोबर नेऊ नये.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशी कावीळ पुष्कळ बाळांना होते, तिचा कलेजीशी संबंध नाही, आठवड्यात जाईल. आणि ती गेलीही. पण रक्ताच्या तपासणीत लिव्हरचा एक आकडा जरा वर आला होता. घाबरण्यासारखा नाही, बाई म्हणाल्या, काही महिन्यांनी परत बघू. मामांनी यातलं फक्त "वर" एवढंच ऐकलं.

त्यानंतर मामा रोज दुपारी लेकीकडे जायचे, आणि आता रिकाम्या हातांनी जायचे. दाराजवळच्या खुर्चीवर बसायचे. नातीकडे बघत राहायचे. पण तिला त्यांनी एकदाही घेतलं नाही. लेकीनं पुढे केली की ते म्हणायचे, हात ओले आहेत. कधी पाठ धरलेली असायची, कधी कपड्यांना दुकानाचा वास येत असायचा. नात हसायला लागली, पालथी पडायला लागली. मामा आपले दोन्ही हात मांडीखाली घालून बसलेले असायचे. यामागचं कारण लेकीला कळत होतं. ते तोंडानं बोलून काढायची रीत त्या घराला नव्हती, म्हणून तीही गप्प राहिली. पण रात्री नवऱ्यापाशी ती रडली, आणि तो सुद्धा तेव्हा काही बोलला नाही.

दुसऱ्या तपासणीचे आकडे आले तो शनिवार होता. रविवारी सकाळी, दुकान भरलेलं असताना, लेक पोरीला कडेवर घेऊन आली. रांग मोडून, डाव्या बाजूनं, थेट ड्रिलमास्तरांच्या पुढे जाऊन उभी राहिली. मास्तर एक पाऊल मागे सरकले.

"बाबा, हिचं लिव्हर ठीक आहे," ती म्हणाली.

मामा खिमा करत होते. सत्तूर वरच्या वर राहिला. "किती?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"सगळे. सगळे आकडे ठीक आलेत."

मामांनी सत्तूर खाली ठेवला. ओंडक्यावर नसलेलं काहीतरी ते फडक्यानं पुसू लागले. पुसून झालं तरी पुसत राहिले.

"कलेजी हवी होती मला," लेक म्हणाली.

"घरात कोणी पोटुशी आहे?" मामा अजून पुसतच होते, पण प्रश्न चुकला नाही.

"नाही. थोडीच हवीय. बाईंना विचारलंय, आठवड्यातून एकदा चालते."

"तुला आवडत नाही ती," मामा म्हणाले. हे त्यांना ठाऊक होतं हे लेकीला आजच कळलं.

"नाहीच आवडत. पण कापणार मी. तुमचा हात सैल आहे," असं म्हणून ती फळीखालून वाकून आत आली. आत फरशी ओली होती, ओंडक्यावर खिमा होता, पोरीला ठेवायला जागा नव्हती. ड्रिलमास्तरांनी मदतीला हात पुढे केले. लेकीनं तिकडे पाहिलं नाही. तिनं पोर मामांपुढे धरली आणि सोडायचीच बाकी ठेवली. "धरा."

मामांनी हात नळाखाली धुतले. साबण लावून परत धुतले. पुसले, उलटसुलट करून बघितले, आणि मग कारण संपलं म्हणून पुढे केले. नात त्यांच्या हातात आली. मामांना हातात येईल त्या वस्तूचं वजन काट्याशिवाय सांगता यायचं, गल्लीत त्यावर पैजा लागायच्या. ते पोरीला धरून उभे राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

लेकीनं सुरी घेतली. कलेजीचा दोन बोटं रुंद काप काढला, कडेची शीर बापासारखीच तिरकी उडवली. शीर खाली पडली ती मांजरीनं उचलली, कारण मांजरी केव्हाच ओंडक्याखाली परत आली होती.

मामांनी मान वाकवून नातीच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाले, "चुकलं गं माझं."

त्यांना ते हळूच सांगायचं होतं. पण ज्याला बोलायचीच सवय नाही त्याला हळू बोलायची कुठून असणार? ते रांगेच्या शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेलं. ड्रिलमास्तर आकड्याला लटकवलेल्या बोकडाकडे एकटक बघत राहिले. घाई कोणीच केली नाही.

मामांचा एक हात नकळत पोरीच्या पाठीवरून सुटून ओंडक्याकडे, तिथल्या सगळ्यात चांगल्या नळीकडे गेला. लेकीनं तो वाटेतच अडवला आणि पोरीच्या पाठीवर परत नेऊन ठेवला.

"तिला काही देऊ नका, बाबा," ती म्हणाली. "नुसतं धरा."

मामांनी नुसतं धरलं.